शीर्षासनात मेंदूला जास्त रक्त मिळतं का?

२१ जून जवळ आला की नाशिकमध्ये गोल्फ क्लब मैदानापासून कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकपर्यंत योगाची चर्चा रंगते. त्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं: शीर्षासनाने मेंदूला भरपूर रक्त मिळतं, बुद्धी तल्लख होते. वर ‘प्राचीन ग्रंथांत लिहिलंय’ हेही असतंच.

स्वात्मारामांचा हठयोगावरचा ग्रंथ, हठप्रदीपिका, १५व्या शतकातला. ज्या मत्स्येंद्र-गोरक्षांचं नाव ती आरंभी घेते, त्यांचीच परंपरा आपल्या त्र्यंबकच्या निवृत्तिनाथांची. तिच्या पहिल्या उपदेशात (म्हणजे अध्यायात) १५ आसनं आहेत, पण शीर्षासन नाही. डोकं खाली, पाय वर ही स्थिती तिसऱ्या उपदेशात विपरीतकरणी मुद्रा म्हणून येते. टाळूतल्या चंद्राचं अमृत नाभीतला सूर्य गिळतो, म्हणून सूर्य वर आणि चंद्र खाली करायचा, हे तिथलं कारण. मेंदूच्या रक्तपुरवठ्याचा तिथे विषयच नाही.

शरीरात घडतं ते मात्र विलक्षण आहे. ३० सेंटिमीटर उंचीच्या रक्तस्तंभाचा दाब पाऱ्याच्या साधारण २३ मिलिमीटर इतका भरतो. हृदय ते डोकं अंतर साधारण एवढंच, म्हणून उभं असताना डोक्यात दाब हृदयापाशी असतो त्यापेक्षा तेवढा कमी असतो, उलटं झाल्यावर तेवढाच जास्त. मानेतली कॅरोटिड धमनी जिथे दुभंगते तिथली भिंत ताणली जाते. तिथले दाबग्राही चेतातंतू लगेच मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेला संदेश धाडतात. व्हेगस चेतेमार्फत हृदयाला ठोके मंद करण्याचा आदेश जातो, हातापायांतल्या रक्तवाहिन्या सैलावतात. मेंदूतल्या सूक्ष्म धमन्या स्वतःहून आकुंचन पावतात, त्यामुळे सरासरी रक्तदाब ६० ते १५० मिलिमीटरच्या दरम्यान असेपर्यंत निरोगी मेंदूचा रक्तपुरवठा जवळपास स्थिर राहतो. शिवाय कवटीतल्या मेंदूजलाचा दाबही रक्ताबरोबर वाढतो, म्हणून वाहिन्यांच्या भिंतींवर बाहेरूनही आधार मिळतो. जादा रक्ताचा लोंढा मेंदूत शिरू नये यासाठीच ही सगळी यंत्रणा राबते!

चेहरा लाल होतो तो कवटीबाहेरच्या शिरांमुळे. डोळ्याचा अंतर्दाब तर शीर्षासनात जवळपास दुप्पट होतो, आणि काचबिंदू असणाऱ्याला हे धोक्याचं आहे.

विपरीतकरणीने सहा महिन्यांत सुरकुत्या आणि पांढरे केस दिसेनासे होतात, असंही हठप्रदीपिका सांगते. त्यावर विश्वास ठेवायचं कारण नाही. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम ही योगसंशोधन संस्था स्थापली आणि योगक्रिया क्ष-किरणांखाली, दाबमापकावर तपासल्या. दावे तसेच तपासायला हवेत. पण ‘पहिल्या दिवशी क्षणभरच’ ही त्याच ग्रंथातली सूचना जरूर पाळावी. वर्गात नवख्यांना पहिल्याच सकाळी पाच-पाच मिनिटं उलटं उभं करणाऱ्यांनी आधी त्यांच्या रक्तदाबाची आणि डोळ्यांची चौकशी करावी.