गाय एकवीस दिवसांनी का उलटते : गर्भाच्या पहिल्या आठवड्यातल्या प्रथिनांची पार्श्वभूमी

मे महिन्यात वर्धा-यवतमाळकडे भरवलेली संकरित गाय एकविसाव्या दिवशी उलटली, म्हणजे पुन्हा माजावर आली, की दोष सहसा रेतमात्रेवर जातो. पण पुष्कळदा फलन झालेलं असतं आणि गर्भ पहिल्या आठवड्यातच मेलेला असतो. सोळाव्या-सतराव्या दिवसापर्यंत गर्भाने आपली खूण पटवली नाही, तर पीतपिंड, म्हणजे अंडाशयातली गर्भ टिकवणारी गाठ, विरघळतो आणि माज ठरल्या वेळीच येतो. उलटण्याच्या तारखेवरून फलन झालंच नाही, असं म्हणता येत नाही.

या पहिल्या आठवड्याचं कोडं उंदरांवर उलगडलं. व्हिटन या संशोधकाने 1956 मध्ये उंदराचे आठ पेशींचे गर्भ साध्या द्रावात वाढवले. मॅक्लारेन आणि बिगर्स यांनी 1958 मध्ये असे वाढवलेले गर्भ मादीत सोडून जिवंत पिल्लं मिळवली. मग 1967 मध्ये ब्रिन्स्टरने गर्भातली प्रथिनं मोजली. फलित अंड्यात ती सुमारे 28 नॅनोग्रॅम होती आणि पुढच्या तीन दिवसांत जवळपास चौथा हिस्सा घटली. पेशी दुपटीने वाढत होत्या, माल मात्र कमी होत होता. नवी प्रथिनं बनत होतीच, पण जुनी त्याहून वेगाने मोडत होती.

हा साठा आईने अंड्यात भरलेला असतो. प्रथिनंही आणि ती बनवायचे आरएनए संदेशही. गर्भाची स्वतःची जनुकं उंदरात दोन पेशींना, माणसात चार ते आठला, गायीत आठ ते सोळाला जोमाने चालू होतात. प्रयोगशाळेत गायीचे गर्भ नेमके याच टप्प्यावर अडायचे, तो योगायोग नव्हता.

प्रथिनं मोडणं म्हणजे नुसता तोटा, ही समजूत 2008 मध्ये पुरती ढासळली. जपानी संशोधकांनी उंदरात पेशीची स्वतःचाच माल पचवण्याची क्रिया, ऑटोफॅजी, बंद पाडली. गर्भ चार ते आठ पेशींवर थांबले आणि त्यांचं नवं प्रथिन बनणंही मंदावलं. जुनं मोडल्याशिवाय नव्याला कच्चा माल मिळत नव्हता.

उन्हाचा घाव इथेच बसतो. उष्णतेने प्रथिनांची घडी विस्कटते, आणि ती सावरायची ताकद गर्भात सुरुवातीला फार थोडी असते. 1993 मध्ये अमेरिकेत दुभत्या गायींवर दिसलं, की रेतनानंतर पहिल्या दिवशी दिलेल्या उष्णतेने नीट वाढलेले गर्भ घटले. तिसऱ्या दिवसापासून तसा फरक पडला नाही. म्हणून रेतन सकाळी लवकर किंवा सांजेला करावं, गाय भर दुपारी चालवत आणू नये, आणि पहिले तीन दिवस तिला सावली नि गार पाणी द्यावं. टिनाच्या छपरावर पऱ्हाट्या-तुराट्यांचा जाड थर टाकला तर गोठा बराच निवतो. मात्र अंडं आधीचे कित्येक आठवडे पिकत असतं आणि उन्हाने तेव्हाही बिघडतं, त्यामुळे नुसत्या तीन दिवसांच्या सावलीवर भागत नाही. नेलोरसारख्या भारतीय वंशाच्या गायींचे गर्भ ऊन जास्त सोसतात. होल्स्टीन रक्ताच्या गायीची सावली फाल्गुनातच बांधायला घ्यावी.