ट्रॅक्टरला बॅकहो जोडण्याआधी

बॅकहो, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे बसणारे खणण्याचे यंत्र, किती खोल खणतो, हे ग्राहक पहिल्यांदा विचारतात. आमचा पहिला प्रश्न असतो, तो ट्रॅक्टरला बसणार कसा?

खणताना बकेट दगडात अडकली की सगळा जोर उलटून ट्रॅक्टरवर येतो. बॅकहो नुसता थ्री पॉइंट लिंकेजवर, म्हणजे अवजारे जोडायच्या मागच्या तीन दांड्यांवर, टांगलेला असेल, तर हा जोर टॉप लिंक (त्यातली वरची दांडी) आणि मागच्या हाउसिंगवर (गिअर-ॲक्सलच्या कवचावर) पडतो. हाउसिंगला तडा जाऊ शकतो. टॉप लिंक तुटली, तर बॅकहो वर उसळून चालक मध्ये चिरडला जाऊ शकतो. म्हणून आम्ही आग्रहाने सांगतो, सबफ्रेमवर (लोखंडी जोडचौकटीवर) बसणाराच घ्या. सबफ्रेम ट्रॅक्टरच्या पोटाखालून पुढे जाते आणि जोर सगळ्या सांगाड्यावर विभागला जातो. पैसे जास्त पडतात, पण इथे काटकसर नको.

मग वजन. मागे भार वाढला की पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही. पुढे वजने किंवा लोडर (माती उचलायचे पुढचे फावडे) हवाच. बॅकहो तेलाच्या दाबावर (हायड्रॉलिकवर) चालतो. ट्रॅक्टरच्या पंपाचे तेल कमी पडत असेल, तर पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर) चालणारा वेगळा पंप लागतो. खणण्याच्या खोलीचा जो आकडा सांगतात, तो बकेटच्या टोकाचा असतो. सपाट तळाचा चर त्यापेक्षा कमीच खोल निघतो.

खणण्याआधी जमिनीखालच्या वीज, गॅस आणि पाण्याच्या लाइनची संबंधितांकडून खात्री करा. वरच्या तारा बघा. दोन्ही स्टॅबिलायझर (बाजूचे आधाराचे पाय) घट्ट जमिनीवर टेकवा आणि त्यांच्याखालची माती कधीही पोखरू नका. उतारावर बकेट चढाच्या बाजूला रिकामी करा. लिव्हर सीटवर बसूनच चालवा, खाली उभे राहून मुळीच नाही. बूम (बकेटचा लांब हात) फिरते त्या टप्प्यात कोणीही उभे नको. रस्त्याने नेताना बूम आणि स्विंगचे (बाजूला फिरण्याचे) लॉक लावा.

चरात उतरण्याची घाई करू नका. एक घनमीटर माती साधारण दीड टन भरते. कड ढासळली तर माणूस स्वतःहून बाहेर येऊ शकत नाही. खोल चराला आधार द्या किंवा कडा उतरत्या कापा, आणि काढलेली माती काठापासून लांब टाका.

काम थांबले की बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, लिव्हर हलवून दाब सोडा. होज पाइपची गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठ्याचा तुकडा धरून बघा. दाबाचे तेल कातडीतून आत शिरते. जखम सुई टोचल्याएवढी दिसली तरी ताबडतोब रुग्णालय गाठा आणि हायड्रॉलिक तेल आत गेले आहे, असे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.