पर्यावरण-प्रगतीचे मूल्यमापन, युरोपीय

हवा, पाणी, जमीन, जीवसृष्टी व हवामान यांची स्थिती कोणत्या दिशेने चालली आहे आणि कायद्याने ठरवलेले उद्दिष्ट मुदतीत गाठले जाईल का, हे मोजमापांवरून ठरवण्याची युरोपीय संघातील रीत. यातले दोन प्रश्न, कल आणि उद्दिष्ट, वेगवेगळे आहेत. कल चांगला असूनही उद्दिष्ट हुकू शकते. म्हणून अहवालांत दोन्हींचा निकाल स्वतंत्र दिला जातो.

हे काम मुख्यतः कोपनहेगन येथील युरोपीय पर्यावरण संस्था करते. तिच्या स्थापनेचा नियम १९९० मध्ये झाला आणि १९९४ मध्ये तिचे काम सुरू झाले. दरम्यान जून १९९१ मध्ये प्रागजवळच्या दोब्रिश येथील वाड्यात युरोपभरच्या पर्यावरणमंत्र्यांची बैठक भरली होती. तिथे ठरल्याप्रमाणे सबंध खंडाचा पहिला आढावा १९९५ मध्ये निघाला. संस्थेचे ३२ सदस्य देश आहेत : संघातले २७, शिवाय आइसलँड, नॉर्वे, लिश्टेनस्टाइन, स्वित्झर्लंड व तुर्कस्तान. मोजण्याचे काम बहुतांशी हे देशच करतात. संस्था आकडे गोळा करते, पडताळते आणि दर पाच वर्षांनी सर्वांगीण अहवाल काढते. दंड करण्याचा अधिकार तिला नाही. देशाला न्यायालयात खेचण्याचे काम युरोपीय आयोगाचे, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळाचे. हवेतील सूक्ष्म कणांची मर्यादा वर्षानुवर्षे ओलांडल्याबद्दल २०१८ मध्ये पोलंडविरुद्ध असाच निकाल लागला.

मोजण्याच्या नियमाने निकाल किती बदलतो, हे पाण्याच्या बाबतीत सर्वांत स्पष्ट दिसते. २००० सालच्या जल-निर्देशानुसार (निर्देश म्हणजे सदस्य देशांना बंधनकारक असा संघाचा कायदा) सर्व नद्या, तलाव व किनारी पाणी २०१५ पर्यंत ‘चांगल्या’ स्थितीत यायचे होते; सवलती धरून अखेरची मुदत २०२७ पर्यंत गेली. पण २०२१ मध्ये परिस्थितिकीदृष्ट्या, म्हणजे त्यातील जीवसृष्टीकडे पाहता, चांगले किंवा त्याहून सरस ठरलेले पृष्ठजल (नद्या, तलाव व किनारी पाणी) सुमारे ३७ टक्केच होते. इथे ‘एक नापास तर सगळे नापास’ असा नियम आहे : मासे, शेवाळ, तळाचे कीटक यांपैकी एकाचा दर्जा घसरला, की बाकीचे कितीही सुधारलेले असोत, नदीचा शेरा तोच. त्यामुळे वीस वर्षांच्या सांडपाणी-प्रक्रियेने झालेली सुधारणा शेऱ्यात उमटतच नाही, अशी तक्रार जलव्यवस्थापक करतात. ती रास्त आहे. मात्र हा नियम काढला तर पळवाटा वाढतील, हेही खरे. पाण्यातील घातक द्रव्यांवरून वेगळी ठरवल्या जाणाऱ्या रासायनिक स्थितीत पाऱ्याचा प्रश्न याहून विचित्र आहे. कोळशाच्या धुरातून हवेवाटे दूरवर पोहोचणारा पारा माशांच्या शरीरात साठतो. स्वीडनने माशांतील पारा धरून हिशेब केला, तेव्हा देशातले सगळेच पृष्ठजल नापास ठरले. कमी ठिकाणी मोजणाऱ्या किंवा मोजलेल्या ठिकाणांचा निष्कर्ष इतरत्र न लावणाऱ्या देशांचे नकाशे त्या मानाने स्वच्छ दिसले. म्हणून देशादेशांची थेट तुलना करताना जपावे लागते.

हवामानाच्या बाबतीत चित्र उलटे आहे. हरितगृह वायूंचे उत्सर्जन १९९० च्या तुलनेत २०२० पर्यंत २० टक्क्यांनी घटवायचे होते. घट ३० टक्क्यांहून अधिक झाली. कोविड महासाथीचा त्यात हात होता, तरी २०१९ मध्येच ती २४ टक्क्यांवर गेली होती. १९९० हे आधारवर्षही सोयीचे ठरले, कारण त्यानंतर लगेच पूर्व युरोपातले जुने कारखाने बंद पडत गेले. २०३० चे उद्दिष्ट निव्वळ (जंगले व जमीन शोषून घेतात तो वायू वजा करून) ५५ टक्के घटीचे आहे आणि तिथे अशी आयती मदत मिळणार नाही.

निसर्गसंवर्धनात पदरी निराशाच अधिक. संस्थेच्या २०१९ अखेरच्या अहवालानुसार २०२० साठीच्या तेरा धोरण-उद्दिष्टांपैकी दोनच गाठली जाण्याची चिन्हे होती, आणि ती दोन्ही जमिनीवर व समुद्रात संरक्षित क्षेत्रे घोषित करण्याची. नकाशावर हद्द आखणे प्रशासनाच्या हातात असते. आत राहणाऱ्या पक्ष्याचे पोट आसपासच्या शेतीवर अवलंबून असते. २०१३ ते २०१८ या काळात तपासलेल्या अधिवासांपैकी ८१ टक्के कमकुवत वा वाईट स्थितीत आढळले.

सूक्ष्म कणांमुळे होणारे अकाली मृत्यू २००५ ते २०२२ दरम्यान सुमारे ४५ टक्क्यांनी घटले. २०३० चे उद्दिष्ट ५५ टक्के घटीचे असल्याने ते आवाक्यात मानले जाते.

२०२२ मध्ये संघाचा आठवा पर्यावरण कृती कार्यक्रम लागू झाल्यावर दरवर्षी २८ निवडक निर्देशकांचा आढावा घेण्याची प्रथा पडली. त्यात ‘होईल–होणार नाही’ असा ठाम निकाल नसून, उद्दिष्ट गाठण्याची शक्यता खूप अधिक की अगदीच कमी, अशा चार पायऱ्या असतात. शेरा देताना जुन्या आकड्यांची रेषा पुढे वाढवतात, गणिती प्रतिमानांचे (मॉडेलांचे) अंदाज तपासतात आणि तज्ज्ञांचे मतही घेतात. उपभोगाचा पर्यावरणावरील भारही या निर्देशकांत घेतला आहे, कारण संघाच्या हद्दीतले उत्सर्जन मोजताना बाहेरून आयात केलेल्या कपड्यांचा, धातूंचा व पशुखाद्याचा भार हिशेबाबाहेर राहतो.