हाडांनीच आखलेले आकार

चित्रात हात काढायला घेतला की बहुतेक जण बोटांपासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात. हर्णै बंदरावर जाळं सांधत बसलेल्या माणसाचा हात निरखून पाहा. बोटं सारखी चालू असतात, पण त्यामागचा पंजा जवळजवळ एकसंध राहतो. हातात 27 हाडं: मनगटाची 8, पंजाची 5, बोटांच्या पेरांची 14. यांपैकी तर्जनी आणि मधल्या बोटामागची पंजातली हाडं मनगटाशी इतकी घट्ट जखडलेली असतात की ती फारशी हलतच नाहीत. म्हणून चित्रात पंजा आधी चपट्या ठोकळ्यासारखा काढणं ही नुसती चित्रकाराची सोय नाही, शरीराची घडणच तशी आहे.

अंगठा मात्र या ठोकळ्यात कोंबू नका. त्याच्या बुडाचा सांधा खोगिराच्या आकाराचा असतो, म्हणून तो फिरून बोटांच्या समोर येतो. त्याचा पाचरीसारखा आकार कडेला वेगळा जोडा. बोटांना नळकांडी पुरतात, कारण बोटं वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. ते मनगट आणि कोपराच्या मध्ये असतात आणि लांब दोऱ्यांनी बोटं ओढतात. आता त्याच माणसाने होडीचा दोर आवळला की करंगळीकडची बाजू आत वळते. तिथली हाडं थोडी सैल असतात. ठोकळा तेवढाच वाकवा, पकडीत जोर आलेला दिसेल.

पाऊल शिकायला गुहागरची ओली वाळू उत्तम. थोडं चालून मागे वळून ठसे पाहा: टाच, बाहेरची कड, चवडा आणि बोटं उमटतात, आतली बाजू बहुधा कोरी राहते. तिथे पायाची कमान उचललेली असते. पायातली 26 हाडं आणि त्यांना बांधणारे अस्थिबंध ती तोलून धरतात. भार पडला की ती किंचित दबते, पाऊल उचलताना पुन्हा ताठ होते. (अगदी लहान मुलांचा ठसा भरलेला येतो, त्यांची कमान अजून घडायची असते.) त्यामुळे पावलाची पाचर दोन्हीकडे उतरती हवी: घोट्याकडून बोटांकडे आणि आतल्या बाजूकडून बाहेर. मागे टाचेचा गोळा बसवा.

एकाच पायाचे दोन्ही बाजूंचे घोटे एका पातळीवर काढलेले मला फार खटकतात. आतला वर असतो, बाहेरचा खाली. आधी ही तिरपी रेघ टाका आणि मगच पाचर जोडा, नाहीतर पाऊल नडगीला नुसतं चिकटवल्यासारखं दिसतं.