पाण्यानं कोरलेलं वाळवंट

"वाऱ्यानं कोरलंय ना हे सगळं?" गाडी अमेरिकेतल्या झायन राष्ट्रीय उद्यानाच्या दरीत शिरत होती तेव्हा नवऱ्यानं विचारलं. मी कधीकाळी भूशास्त्र शिकलेय, त्यामुळे "नाही, पाण्यानं" एवढं ऐटीत सांगून टाकलं. पुढचे आठ दिवस ते पटवून देण्यात गेले. मध्ये एकदा मला शब्द थोडे मागेही घ्यावे लागले.

झायन ज्यात आहे तो युटा राज्याचा दक्षिण भाग कोलोरॅडो पठारावर येतो. इथले खडक गाळाचे आहेत. कधी समुद्र, कधी सरोवर, कधी दलदल, कधी नुसती वाळू, असे थर कोट्यवधी वर्षं एकावर एक साचत गेले. मग ती अख्खी चळत उचलली गेली, तीही फारशी न मोडता. एकेकाळी समुद्रसपाटीला असलेली जमीन आज दीड-दोन किलोमीटर उंचावर आहे. उंची मिळाली की नदीला उतार मिळतो, आणि वाळू घेऊन उतारावरून धावणारी नदी करवतीसारखी चालते.

या थरांची मांडणी मजेशीर आहे. ग्रँड कॅनियनच्या काठावर सगळ्यात वर जो चुनखडीचा थर दिसतो, तोच झायनमध्ये सगळ्यात खाली सापडतो. झायनच्या माथ्याजवळचे खडक ब्राइस कॅनियन या पुढच्या उद्यानाच्या पायथ्याखाली जातात. म्हणून या टापूला 'भव्य जिना' म्हणतात. आपल्या सह्याद्रीच्या खडकाला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात, त्यातला 'ट्रॅप'सुद्धा पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरूनच आलाय. फरक एवढाच की आपला जिना लाव्ह्याचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूशास्त्राच्या मानानं झटपट उभा राहिलेला. इथली सगळ्यात खालची पायरी सुमारे २७ कोटी वर्षांपूर्वीची आणि वरची साधारण ५ कोटींची.

झायनच्या लालसर कड्यांवर तिरप्या रेघांचे पट्टे दिसतात. नवऱ्याचा मुद्दा अर्धा खरा ठरला तो इथं. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी इथं वाळूच्या टेकड्यांचं अफाट वाळवंट होतं. वारा वाळू टेकडीच्या माथ्यावर नेई, ती पलीकडच्या उतारावर घसरे, आणि त्या उताराची तिरपी रेघ राहून जाई. अशी वाळू झायनमध्ये सहाशे मीटरहून अधिक जाडीची साचली आणि तिचा वालुकाश्म झाला. म्हणजे रचणारा वारा, कापणारं पाणी. "बघ, मी म्हणालो नव्हतो?" हे मला दिवसभर ऐकावं लागलं. कड्यांचा लाल रंग मात्र दोघांचाही नाही, तो लोखंडाचा. वाळूच्या कणांवर हेमटाइटचा पातळ लेप असतो. हेमटाइट म्हणजे आपण कुंड्यांना लावतो तो गेरूच.

ही दरी कापणारी व्हर्जिन नदी बघून कोणाचाही विश्वास बसणार नाही. ऑक्टोबरात ती पोटरीभर, फार तर कमरेइतकी. काठी टेकत, दगडगोटे चाचपत आम्ही तिच्या पात्रातूनच 'नॅरोज' या अरुंद घळीत गेलो. दोन्ही बाजूंना शेकडो मीटर उंच भिंती आणि काही ठिकाणी मधलं अंतर जेमतेम सहा-सात मीटर. सांदण दरीत उतरलेल्यांना अंदाज येईल, पण इथं पायाखालून अख्खी नदी वाहत असते आणि ती बर्फासारखी गार असते.

नदीचं खरं काम वर्षातल्या थोड्याच दिवसांत उरकतं. इथंही मॉन्सून असतो, साधारण जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. दुपारी ढग जमतात आणि तासाभरात कोसळतात. आजूबाजूला उघडा खडक, माती नावाला, त्यामुळे एवढ्या पाण्याला मुरायला वेळच मिळत नाही. सगळं घळीत उतरतं. डोक्यावर ऊन असताना मैलोगणती वरच्या पावसाचा लोंढा अंगावर येऊ शकतो. १४ सप्टेंबर २०१५ रोजी झायनमधल्या एका अरुंद घळीत अशा लोंढ्यानं सात जणांचा जीव घेतला. म्हणूनच नदीचा प्रवाह सेकंदाला सुमारे ४,२५० लिटरच्या वर गेला की नॅरोज बंद करतात. आम्ही गेलो तेव्हा पाणी निवळशंख होतं, पण माझ्या डोक्याच्या कितीतरी वर, कपारीत एक ओंडका अडकलेला दिसला. तो तिथं कोणी नेऊन ठेवला नव्हता. ऑक्टोबरात यायचं ते यासाठी: लोंढ्यांचे दिवस सरलेले असतात, खुणा ताज्या असतात.

झायनमध्ये पाणी आणखी एका चालीनं चालतं. वालुकाश्म सच्छिद्र आहे. पठारावरचा पाऊस आणि वितळलेला बर्फ त्यात मुरतो, उतरत उतरत खालच्या घट्ट थराला टेकतो आणि वाट न मिळाल्यानं कड्यातून आडवा बाहेर झिरपतो. तिथं भिंतीवर नेचे, शेवाळ, रानफुलं यांच्या झुलत्या बागा आहेत. काही झऱ्यांच्या पाण्याला हा प्रवास करायला हजार वर्षांहून अधिक काळ लागतो. म्हणजे ते पाणी ढगातून पडलं तेव्हा अंबरनाथचं शिवमंदिर बांधून झालेलं नव्हतं.

झायन ते ब्राइस हे अंतर जेमतेम १३० किलोमीटर. पण तेवढ्यात आपण बाराशे मीटर चढतो. सकाळी हॉटेलबाहेर गाडीच्या काचेवर बर्फाचा पापुद्रा होता. खरवडायला काही नव्हतं, शेवटी सुपरमार्केटचं जुनं कार्ड कामी आलं. काच खरवडता खरवडता नवऱ्यानं विचारलं, "आज पाणी काय करणार?" उत्तर त्याच्या हातात होतं.

ब्राइसच्या कड्याखाली हजारो दगडी सुळके उभे आहेत. त्यांना हूडू म्हणतात. इथले मूळचे पायूट लोक सांगतात की ही दगड झालेली माणसं आहेत. पहाटेच्या तिरप्या उन्हात ते खोटं वाटत नाही. नावात 'कॅनियन' असलं तरी ही खरी दरी नव्हे, कारण ती नदीनं कापलेली नाही. इथं काम करतं ते गोठणारं पाणी. दिवसा बर्फ वितळून पाणी फटीत शिरतं, रात्री गोठतं. गोठताना पाण्याचं आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं आणि फट पाचर मारल्यासारखी रुंदावते. ब्राइसमध्ये वर्षातल्या १७० हून अधिक दिवशी पारा शून्याच्या खाली जाऊन परत वर येतो. पठाराची कड आधी भिंतींसारखी सुटी होते, भिंतींना खिडक्या पडतात, खिडक्यांचे माथे ढासळतात आणि मधले खांब उरतात. ही कड शंभर वर्षांत दोन ते चार फूट मागे सरते. भूशास्त्रात याला पळणं म्हणतात!

कॅपिटॉल रीफ या पुढच्या उद्यानाला आम्ही फक्त एक रात्र थांबलो. लक्षात राहिली ती पिवळीधमक कॉटनवूडची झाडं. वरच्या डोंगरातल्या ॲस्पेनची पानं केव्हाच गळून गेली होती. पानगळ इथं उंचावरून खाली उतरत येते. कॉटनवूडला मुळांशी पाणी हवंच, त्यामुळे लाल खडकांमधून जाणारी पिवळी ओळ दिसली की तिथं ओढा आहे हे नकाशा न बघता कळतं. तिथल्याच जुन्या फळबागेतली सफरचंदं पुढे दोन दिवस पुरली.

शेवटचा मुक्काम आर्चेस. दोन हजारांहून अधिक नैसर्गिक दगडी कमानी एका उद्यानात! त्यांची गोष्ट जमिनीखालच्या मिठापासून सुरू होते. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी इथला समुद्र पुन्हा पुन्हा आटला आणि मिठाचे जाड थर मागे राहिले. वरून खडकांचं ओझं पडलं की मीठ घट्ट लापशीसारखं हळूहळू सरकतं. ते जिथं फुगून वर आलं, तिथं वरच्या वालुकाश्माला समांतर भेगा पडल्या. पाणी भेगांत शिरलं, भेगा रुंदावल्या, उभ्या पातळ भिंती उरल्या. पावसाचं किंचित आम्लधर्मी पाणी वाळूच्या कणांना धरून ठेवणारा चुना विरघळवतं. भिंत खालून पोखरली जाते आणि एखादी आरपार फुटून कमान होते.

लँडस्केप आर्च जवळपास ८८ मीटर लांब आहे आणि एके ठिकाणी जेमतेम दोन मीटर जाड. १९९१ मध्ये तिच्या पोटातून १८ मीटरचा दगडाचा पापुद्रा सुटून खाली आला. तेव्हापासून तिच्याखाली जायला बंदी आहे. जवळच वॉल आर्च होती. ती ऑगस्ट २००८ मध्ये एका रात्री पडली, कोणी पाहिलं नाही. सकाळी पायवाटेवर दगडांचा ढीग होता.

लँडस्केप आर्चच्या कुंपणाशी बसून आम्ही उरलेलं सफरचंद वाटून घेतलं. "ही कधी पडेल?" नवऱ्यानं विचारलं. एरवी गाडीतही ओरडून बोलणारा हा माणूस तिथं मात्र कुजबुजत होता.