प्लसच्या चिन्हामागे काय असतं?

कॉम्प्युटरच्या फॉर्मवर, म्हणजे माहिती बघायच्या-भरायच्या स्क्रीनवर, प्लसवर क्लिक करून झाडासारखी उघडमीट होणारी यादी हवी असेल तर डेटाबेसपण झाडासारखाच लागतो, असं बरेच जण समजतात आणि मग कोणीतरी सांगतं की आता ग्राफ डेटाबेस (नात्यांचं जाळं साठवणारा) घ्या नाहीतर एआय लावा. यातलं काहीच लागत नाही, मायक्रोसॉफ्ट अॅक्सेस या साध्या डेटाबेस प्रोग्राममध्ये हे काम मस्त होतं.

खरंच झाडासारखे डेटाबेस पूर्वी होते. आयबीएमचा आयएमएस तसाच, १९६० च्या दशकात अपोलो मोहिमेसाठी रॉकेटच्या सुट्या भागांचा हिशोब ठेवायला बनवलेला. मग १९७० मध्ये आयबीएमच्याच एडगर कॉड या संशोधकाने मांडलं की सगळं सपाट टेबलांत ठेवा. मग टेबलात झाड कसं बसवायचं? प्रत्येक ओळीत स्वतःचा आयडी आणि शेजारी पालकाचा, म्हणजे झाडात लगेच वर असलेल्याचा आयडी, बस. करवीर तालुक्याच्या ओळीत कोल्हापूर जिल्ह्याचा आयडी, कोल्हापूरच्या ओळीत पुणे विभागाचा, आणि विभागाचा पालक रिकामा.

हे दाखवायला फॉर्मवर ट्रीव्ह्यू नावाचा अॅक्टिव्हएक्स कंट्रोल (फॉर्मवर बसवायचा तयार भाग) टाकायचा आणि व्हीबीएतून, म्हणजे अॅक्सेसमधल्या प्रोग्रामिंग भाषेतून, एकेक नोड (झाडातली एक नोंद) त्यात भरायचा. प्रत्येक नोडला एक ‘की’ (key), म्हणजे त्याची एकमेव ओळख, द्यावी लागते, ती नावावरून देऊ नका, वडगाव नावाची गावं आपल्याकडे ढीगभर आहेत. आयडी द्या, पण पुढे एखादं अक्षर जोडून, कारण नुसता आकडा दिला तर ‘की’ चुकीची आहे असा एरर येतो.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. महाराष्ट्रात विभाग ६, जिल्हे ३६, तालुके ३५८ आणि गावं चाळीस हजारांवर. फॉर्म उघडतानाच सगळं भरायला घेतलं तर माणूस ताटकळत बसणार, आणि बघायचं असतं त्याला एकच गाव. म्हणून सुरुवातीला फक्त ६ विभाग भरायचे आणि प्रत्येकाखाली एक डमी, म्हणजे नावापुरता खोटा, नोड ठेवायचा. का? तर खाली काहीतरी असल्याशिवाय कंट्रोल प्लसचं चिन्ह दाखवतच नाही. प्लसवर क्लिक केलं की एक्स्पांड इव्हेंट येतो, म्हणजे नोड उघडल्याची खबर आपल्या कोडला मिळते, तेव्हा आपण बघायचं की खाली डमीच आहे का, असला तर तो काढायचा आणि ज्यांचा पालक हा आहे तेवढ्याच ओळी टेबलातून आणायच्या, त्यांच्याखाली परत डमी (गावांखाली नको, ती शेवटची). पुणे विभाग उघडला की ५ जिल्हे, कोल्हापूर उघडलं की १२ तालुके, म्हणजे करवीरपर्यंत पोचायला ६ अधिक ५ अधिक १२, फक्त २३ ओळी! टेबलातल्या पालकाच्या फील्डवर (रकान्यावर) इंडेक्स, म्हणजे पटकन शोधायची सूची, मात्र हवाच, नाहीतर दर क्लिकला अख्खं टेबल चाळलं जातं.

एक धोका आहे. कोणी चुकून कोल्हापूरचा पालक करवीर करून ठेवला तर दोघं एकमेकांचे पालक होतात, वरच्या विभागाशी नातं तुटतं, आणि टेबलात सगळं शाबूत असूनही अख्खा जिल्हा झाडातून गायब होतो, एररसुद्धा येत नाही. आणि गावाचा पूर्ण पत्ता काढायला खालून वर चढणारा कोड असेल तर तो या दोघांत फिरतच राहतो, थांबतच नाही. म्हणून सेव्ह व्हायच्या आधी, फॉर्मच्या बिफोर अपडेट या इव्हेंटमध्ये, निवडलेल्या पालकापासून वर वर चढत जायचं आणि वाटेत आपलाच आयडी भेटला तर सेव्ह रद्द करायचं.