प्रिन्सेस कट: चार कोपऱ्यांमागचा हिशोब

साखरपुड्याच्या अंगठीसाठी गोल हिरा नको असेल, तर दुकानात पुढे येणाऱ्या ट्रेमध्ये चौकोनी, टोकदार कोपऱ्यांचा प्रिन्सेस कट हमखास असतो. दिसायला तो अगदी आजचा वाटतो, आणि आजच्या रूपात त्याचे वय खरोखरच अर्ध्या शतकाच्या आसपास आहे. पण त्याचा घाट ठरला तो खाणीतून निघणाऱ्या खड्याच्या आकारावरून. हा आकार समजला की प्रिन्सेस कटमध्ये काय बिघडू शकते, सर्टिफिकेट कशाबद्दल गप्प राहते आणि दुकानात काय तपासायचे, हे आपोआप कळते.

चांगला कच्चा हिरा अनेकदा अष्टफलक असतो, म्हणजे दोन चौकोनी पिरॅमिड तळाला तळ लावून जोडल्यासारखा. चौदाव्या-पंधराव्या शतकातले युरोपीय कारागीर या स्फटिकाला फारसा हात लावू शकत नव्हते. ते त्याचे पृष्ठभाग नुसते उजळत. पुढे ते वरचे टोक घासून सपाट करू लागले आणि चौकोनी ‘टेबल कट’ आला. त्या काळच्या तैलचित्रांत अंगठ्यांमधले जे काळे चौकोन दिसतात, ते बहुतेक हेच हिरे. आत गेलेला प्रकाश डोळ्यांकडे परत वळवणारे पैलू त्यांच्या तळाला नव्हते, म्हणून ते काळे दिसत.

मग चौकोन मागे पडला आणि गोल हिरा पुढे आला, त्याला यंत्रे कारण झाली. 1870 च्या दशकात बोस्टनच्या हेन्री मोर्स यांच्या कारखान्यात हिरा गोल करणारे यंत्र आले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिरा कापणारी फिरती करवत आली. 1919 मध्ये मार्सेल टोलकोव्स्की यांनी गोल हिऱ्याच्या प्रमाणांचे गणितच मांडले. गोल हिरा चमकदार होता, पण महाग पडत होता. चौकोनी स्फटिकातून वर्तुळ काढायचे म्हणजे चारही कोपरे घासून टाकायचे, आणि त्यात कच्च्या मालाचे जवळपास निम्मे वजन जाते. चौकोनी आकारांपैकी एमराल्ड कट आणि 1902 चा अ‍ॅशर कट टिकून होते, पण त्यांचे पैलू पायऱ्यांसारखे असतात. त्यांची झळाळी शांत असते, गोल हिऱ्यासारखी लखलखत नाही. कोपरेही राहावेत आणि लखलखही यावी, हा प्रश्न पुढची कित्येक दशके सुटला नव्हता.

‘प्रिन्सेस कट’ हे नाव 1961 मध्ये लंडनच्या अर्पाद नागी यांच्या एका घाटाला मिळाले. त्या हिऱ्याची वरची बाजू सपाट होती आणि खाली समांतर खाचा होत्या. आजच्या प्रिन्सेसशी त्याचे फारसे नाते नाही. आजच्या रूपाच्या जवळचा टप्पा 1971 चा. जोहान्सबर्गच्या बेसिल वॉटरमेयर यांनी ‘बॅरियन कट’ केला, त्यात वर पायऱ्यांचे पैलू होते आणि खाली ब्रिलियंटचे, म्हणजे गोल हिऱ्यासारखे लखलखणारे. 1977 मध्ये न्यूयॉर्कच्या हेन्री ग्रॉसबार्ड यांच्या ‘रेडियंट’ने वर-खाली दोन्हीकडे ब्रिलियंट पैलू आणले, मात्र त्यासाठी कोपरे छाटले. त्याच दशकाच्या अखेरीस बेझालेल अंबर आणि इस्रायल इट्झकोविट्झ यांनी कोपरे टोकदार ठेवून 49 पैलूंचा ‘क्वाड्रिलियन’ घडवला. त्याचे पेटंट होते. इतर कारखान्यांनी त्याच मार्गाने आपापल्या रचना केल्या, आणि त्या सगळ्यांवर प्रिन्सेस हे जुने नाव बसले. एक ठरलेली रचना नसल्यामुळे आज 57 पैलूंचा हिराही प्रिन्सेस म्हणून विकला जातो आणि 76 चाही. हिरे तपासणाऱ्या जीआयए या अमेरिकी संस्थेच्या सर्टिफिकेटवर मात्र हे नाव दिसणार नाही. तिथे ‘स्क्वेअर मॉडिफाइड ब्रिलियंट’ असे लिहिलेले असते.

कारखानदारांना हा घाट आवडला तो वजनामुळे. अष्टफलक मध्यापासून थोडा वर कापला की खालच्या मोठ्या भागातून एक प्रिन्सेस निघतो आणि वरच्या तुकड्यातून दुसरा, लहान. नीट जमले तर कच्च्या वजनाचे 80 टक्क्यांपर्यंत हाती लागते. त्याच वजनाच्या गोल हिऱ्यापेक्षा प्रिन्सेस स्वस्त पडतो तो याचमुळे, दर्जा कमी असतो म्हणून नव्हे.

खरी मेख इथे आहे. अर्ध्या अष्टफलकाची उंची त्याच्या बाजूच्या सुमारे 71 टक्के असते. कारागिराने तळ जवळपास तसाच ठेवला आणि वर साधारण 10 टक्क्यांचा माथा राखला, तर हिऱ्याची एकूण खोली 80 टक्क्यांच्या पुढे जाते. चांगल्या प्रिन्सेसची खोली साधारण 68 ते 75 टक्के असते. म्हणजे चांगला हिरा घडवायचा तर तळाचे वजन मुद्दाम घासून टाकावे लागते, आणि नेमके तिथेच हात आखडतो. वजन उरते पण ते खाली दडून बसते, वरून हिरा लहान दिसतो. लांबी, रुंदी आणि खोली मिलिमीटरमध्ये गुणून 0.0083 ने पुन्हा गुणले की प्रिन्सेसचे अंदाजी वजन कॅरेटमध्ये मिळते. 5.5 × 5.5 × 4.0 चा हिरा 1 कॅरेटचा भरतो. त्याच 1 कॅरेटची खोली 80 टक्के असेल तर बाजू 5.3 मिमीवर येते. पैसे कॅरेटचे मोजायचे आणि बोटावर दिसणार कमी, शिवाय तळाचे कोन बिघडले तर प्रकाश वर न येता खालून निसटतो आणि मधोमध निस्तेज पट्टा दिसतो.

हा दोष सर्टिफिकेटवर ओळखता येतोच असे नाही. जीआयएने 2006 पासून गोल ब्रिलियंटला कटची, म्हणजे घडणीची, श्रेणी द्यायला सुरुवात केली, ती प्रिन्सेसला मिळाली नाही. एजीएस या अमेरिकी प्रयोगशाळेने 2005 मध्ये प्रिन्सेससाठी श्रेणी आणली होती, पण ती प्रयोगशाळा 2022 च्या अखेरीस बंद झाली. त्यामुळे प्रिन्सेसच्या जीआयए सर्टिफिकेटवर ‘एक्सलंट’ दिसले तर ते पॉलिश आणि सिमेट्रीपुरते असते. ते कटबद्दल काहीही सांगत नाही. विक्रेता ‘ट्रिपल एक्सलंट प्रिन्सेस’ म्हणाला तर तिसरे एक्सलंट कुठे छापले आहे ते दाखवायला सांगावे.

कागदावर पाहायचे आकडे मोजकेच आहेत. खोली वर दिल्याप्रमाणे, टेबल, म्हणजे माथ्यावरचा मोठा सपाट पैलू, रुंदीच्या 75 टक्क्यांच्या आत, आणि चौरस हवा असेल तर लांबी-रुंदीचे प्रमाण 1.00 ते 1.05. टेबल यापेक्षा मोठे असले की माथा चपटा होतो आणि रंगांची लखलख उतरते. बाकी काम डोळ्यांचे. दुकानातल्या दिव्यांखाली कोणताही हिरा चमकतो, म्हणून तो खिडकीपाशी, थेट ऊन नसलेल्या उजेडात न्यावा आणि हातभर अंतरावर हळूहळू कलता करावा. तळाच्या कडा मधोमध एका बिंदूत मिळून स्वच्छ फुली दिसली पाहिजे. कोपऱ्यांत कायमचा काळोख किंवा मध्ये आरपार काचेसारखी जागा दिसली, तर तो हिरा परत करावा. तळाच्या कोनाकृती पैलूंना शेवरॉन म्हणतात. दोन शेवरॉनच्या रचनेत झगमग मोठ्या तुकड्यांत येते, चारच्या रचनेत बारीक चुऱ्यासारखी. 1 कॅरेटखालच्या हिऱ्यात बारीक चुरा धूसर दिसू लागतो, म्हणून तिथे कमी शेवरॉन बरे.

रंग कोपऱ्यांत साठतो. रंगाच्या श्रेणी डीपासून सुरू होतात आणि पुढच्या अक्षरागणिक पिवळेपणा वाढतो. पांढऱ्या सोन्यात किंवा प्लॅटिनममध्ये जी-एच घ्यावा, पिवळ्या सोन्यात ‘आय’ श्रेणीचासुद्धा खपून जातो. आतले डाग ब्रिलियंट पैलूंमुळे बऱ्यापैकी झाकले जातात, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना स्वच्छ दिसणारा, शुद्धतेच्या व्हीएस2 श्रेणीचा हिरा पुरेसा आहे. अट एकच, कोपऱ्याजवळ पिसासारखी चीर नको. हिरा कठीण असला तरी अष्टफलकाच्या पृष्ठभागांना समांतर अशा चार दिशांनी तो फटकन फाटतो. प्रिन्सेसचे कोपरे पातळ असतात आणि ठोसा तिथेच बसतो. दहा पट दाखवणाऱ्या लूपमधून चारही कोपऱ्यांची गर्डल, म्हणजे हिऱ्याची कंबर, तपासावी. तिथे सुरीच्या धारेसारखी कड नको.

म्हणूनच कोंदणात चारही कोपऱ्यांवर व्ही आकाराचे प्रॉंग, म्हणजे हिरा धरून ठेवणारे धातूचे आकडे, हवेत. गोल टोकाचा साधा प्रॉंग कोपऱ्याच्या दोन्ही बाजू उघड्या सोडतो, आणि बसवताना नेमका टोकावर दाबला गेला तर कोपरा दुकानातच उडतो. आपल्याकडे दागिना म्हटला की 22 कॅरेट डोळ्यांसमोर येतो, पण त्याचे प्रॉंग मऊ असतात. हिऱ्याच्या अंगठीला 18 कॅरेट सोने, म्हणजे हॉलमार्कमध्ये 750, किंवा 950 प्लॅटिनम घ्यावे. वर्षातून एकदा प्रॉंग तपासून घ्यावेत. केस किंवा ओढणी अडकू लागली, तर प्रॉंग उचलला गेला आहे असे समजून अंगठी घालणे थांबवावे.

कोपरा उडालाच, तर दुरुस्ती महाग पडते. टोक पुन्हा काढायला त्या कोपऱ्याच्या दोन्ही बाजू मागे घ्याव्या लागतात. 0.2 मिमीचा टवका गेला आणि खोली तीच राहिली असे धरले, तरी 5.5 मिमीचा 1 कॅरेट 5.3 मिमी आणि 0.93 कॅरेटवर येतो, आणि 1 कॅरेटच्या खाली गेल्यावर दर कॅरेटचा भावही उतरतो. टवका प्रॉंगखाली झाकता येत असेल, तर बहुतेक वेळा हिरा न घासता मोठा व्ही प्रॉंग बसवून घेणेच परवडते.